दवाखाना तपासून पास

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.१५

रिटायर होऊन चौतीस दिवस झाले. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलेला माणूस घरात नुसता बसू शकत नाही. घरात सुधारणेला वाव भरपूर, सहकार्य शून्य. काल स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तारखांची लेबलं लावली. हिने ती सगळी काढून माझ्या चष्म्याच्या डबीवर चिकटवली. वर म्हणाली, "यावरही एक्सपायरी घाला."

आज मात्र आपली किंमत कळणारं कुणीतरी भेटलं. डॉक्टरची मुलगी घरी आली होती. आठवीपासून मी आणि डॉक्टर एका बाकावरचे. चाळीस वर्षं तो दवाखाना चालवतोय, पण क्वालिटीबद्दल पठ्ठ्याने मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. शेवटी पोरीला सुचलं. तीही डॉक्टर. दिवसभर मोठ्या हॉस्पिटलात असते आणि फक्त संध्याकाळी बापाच्या दवाखान्यात बसते.

म्हणाली, काका, सकाळच्या वेळी बाबांच्या खोलीत बसाल का? काय काय होतं ते वहीत लिहा, दर शनिवारी मला दाखवा. जे दिसेल ते लिहा, काही सोडू नका. मी पद विचारलं. म्हणाली, काहीही म्हणा.

क्वालिटी सल्लागार.

जाताना दारात बराच वेळ चप्पल चाचपत उभी राहिली. काहीतरी बोलायचं होतं, पण बोलली नाही. माझ्या होकाराने भारावली असावी.

निश्चय: नव्वद दिवसांत दवाखाना शंभर टक्के निर्दोष.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी २

पहिला दिवस. सापडलेले दोष: २३.

बाकाचा डावा पाय आखूड. खाली पुठ्ठा, तोही ओला. घड्याळ सात मिनिटं पुढे. वजनकाटा सव्वा किलो जास्त दाखवतो, म्हणजे या भागातली निम्मी माणसं उगाच उपाशी राहताहेत. थांबण्याची सरासरी वेळ ४१ मिनिटं. कारण उघड आहे, डॉक्टर गप्पा मारतो. एका माणसाचा खोकला तपासायला चार मिनिटं आणि त्याच्या मुलाच्या नोकरीची चौकशी करायला अकरा.

एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी. त्याच माणसाला डॉक्टरने "ताप येतो का?" असं तीनदा विचारलं. पाच-पाच मिनिटांनी. आमच्याकडे याला रिपीट इन्स्पेक्शन म्हणतात. कारखान्यात हे लोकांच्या अंगवळणी पाडायला मला नऊ वर्षं लागली. डॉक्टर आपणहून करतो!

दवाखान्यात आणखी एकच माणूस, कंपाउंडर. सव्वीस वर्षं इथेच. बोलत नाही. मीच चोविसावा दोष असल्यासारखा माझ्याकडे बघतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिला अहवाल दिला. चौदा पानं, दोन आलेख. धाकटी डॉक्टर भराभर पानं उलटत गेली आणि शेवटच्या पानावर थांबून म्हणाली, "आणि बाबा?"

बाबा उत्तम, म्हणालो. जरा बोलघेवडे.

म्हणाली, काका, बाकं-खुर्च्या राहू द्या. बाबांकडे बघा.

तरुण पिढीला पायाभूत गोष्टींचं महत्त्व कळत नाही. बाकाचा डावा पाय मी स्वतः दुरुस्त केला. आता उजवा आखूड वाटतोय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हिचा गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात आली होती. रांगेत बसवली. सल्लागाराची बायको म्हणून वशिला नाही. परतल्यावर घुश्शातच होती. मला वाटलं, रांगेमुळे. पण म्हणाली, "भावजींनी मला ओळखायला वेळ लावला हो. 'या, बसा, काय नाव?' म्हणाले."

मी समजावलं की खोलीत उजेड कमी आहे, तू दाराकडून आलीस, चेहरा अंधारात. ही म्हणाली, "अंधारात होता तो तुमचा चेहरा. माझा नव्हता."

बायकांच्या बोलण्याला कधी कधी आगापिछा नसतो. नवी ट्यूबलाइट बसवून घेतली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

औषधांचं कपाट लावून काढलं. एकच औषध चार-चार कंपन्या चार-चार नावांनी विकतात, त्यामुळे गोंधळ होतो. कोणत्या नावांमागे एकच औषध आहे, याची बत्तीस ओळींची यादी करून कपाटाच्या दाराला लावली. बारीक अक्षरातलं वाचून वाचून डोळे दुखले, पण सगळी यादी आता तोंडपाठ आहे. डॉक्टरने यादी बघून पाठीवर थाप मारली. "मोजपट्टी, तू म्हणजे तूच!" शाळेपासून मला मोजपट्टीच म्हणतो.

निघताना म्हणाला, "आज उशीर झाला, घरी ही रागावेल."

वहिनींना जाऊन चार वर्षं झाली.

सवय, दुसरं काय. छत्तीस वर्षांच्या संसाराची सवय चार वर्षांत कशी सुटेल? मीही अजून साडेसहाला कारखान्याच्या भोंग्यासाठी कान टवकारतो. वहीत लिहिण्यासारखं काही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.३०

गंभीर दोष सापडला!

डॉक्टर चिठ्ठी लिहितो. रुग्ण ती घेऊन कंपाउंडरच्या खिडकीशी जातो. तिथे हा गृहस्थ खिशातलं पेन काढून चिठ्ठीवर परस्पर खाडाखोड करतो! दोनदाचं एकदा करतो. एखादं औषध खोडूनच टाकतो. आज एका सकाळी पाच चिठ्ठ्या. मी खांबाआड उभा राहून मोजल्या.

सव्वीस वर्षं पुड्या बांधल्या म्हणून कुणी डॉक्टर होत नाही. ऑपरेटर मशीनचं सेटिंग स्वतःच्या मनाने बदलायला लागला की कारखाना बुडालाच समजा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कंपाउंडरला कोपऱ्यात घेतलं. शांतपणे विचारलं. आवाज चढला असेल, तर तो विषयाच्या गांभीर्यामुळे.

म्हणाला, "साहेब, मी बघतो म्हणून चाललंय."

मी म्हणालो, बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून करायचा.

"आधी विचारायचो. आता विचारलं की ते घाबरे होतात. मग दिवसभर लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी परत मागवतात. म्हणून गुपचूप करतो."

मग विनवण्या करायला लागला की ताईंना, म्हणजे धाकटीला, यातलं काही सांगू नका, डॉक्टरांची अब्रू आहे. स्वतःची चूक झाकायला लोक दुसऱ्याची अब्रू पुढे करतात. असले नमुने एकतीस वर्षं बघितलेत.

निर्णय: कंपाउंडरने यापुढे फक्त नंबर द्यायचे. औषधं रुग्णांनी शेजारच्या दुकानातून घ्यायची. भिंतीवर सूचना: "डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीत कुणीही बदल करू नये." मोठ्या अक्षरात, लॅमिनेशन करून.

डॉक्टर सूचनेसमोर बराच वेळ उभा होता. "त्याला राहू दे की रे," म्हणाला. मी पद्धत समजावली. शेवटी म्हणाला, "तुला जास्त कळतं."

हे वाक्य ऐकायला पन्नास वर्षं थांबलो होतो.

संध्याकाळी धाकटीने सूचना वाचून विचारलं, कोण बदल करतं? म्हणालो, कुणी नाही, आपली खबरदारी. गरिबाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? माणसाचं मन मोठं असावं.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टर एका म्हाताऱ्या रुग्णाला घरी जाऊन बघून येतो म्हणून अकराला गेला. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. मी शोधायला निघालो. दवाखान्यापासून दोनच वळणांवर, चष्म्याच्या दुकानाबाहेर, हातात बॅग घेऊन उभा होता. मला बघून असा हसला, जसं शाळेतून न्यायला कुणी आलं नाही अशा पोराला एकदम घरचं माणूस दिसावं.

"इथूनच वळायचं ना?" म्हणाला.

रस्ता खोदून ठेवलाय. कुणीही चुकेल.

येताना माझा दंड धरून चालला. बॅग मी घेतली. जड होती, माझ्या लक्षातच आलं नव्हतं इतकी वर्षं.

वहीत नोंद नाही. घटना दवाखान्याबाहेरची, म्हणजे माझ्या कामाच्या कक्षेबाहेरची.

११ मार्च, मंगळवार. पहाटे ५

झोप येईना, म्हणून लिहितोय.

आमची लेक अकरा दिवसांची होऊन गेली, त्याला आता तेहतीस वर्षं झाली. ते अकराही दिवस डॉक्टर रोज दोनदा यायचा. शेवटच्या दिवशी तिला माझ्या हातात द्यायच्या आधी त्याने तिचं टोपडं सरळ केलं. हिच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, तुम्हा दोघांच्या हातून काही राहिलेलं नाही, राहिलं असेल तर माझ्या हातून. त्याच्या हातूनही काही राहिलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. तरी तो तसं बोलला, म्हणून ही उठली आणि दोन घास जेवली.

अशा माणसाच्या नावापुढे मी वहीत लाल फुली मारायची?

फुली कशाला मारायची, हा प्रश्नच नाही म्हणा. दोष नाहीच. वय झालं की थोडं इकडचं तिकडे होतं. इंजिनियरिंगमध्ये याला टॉलरन्स म्हणतात. दशांश शून्य पाच इकडे, दशांश शून्य पाच तिकडे.

१५ मार्च, शनिवार

सहावा अहवाल. थांबण्याची सरासरी वेळ २६ मिनिटांवर आली! वजनकाटा अचूक. कागद चकाचक, चिठ्ठ्यांवर एकही खाडाखोड नाही.

धाकटीने वही मिटली. म्हणाली, "काका, मी स्पष्टच विचारते. बाबांकडून औषधात एकदाही चूक झाली नाही? विसरले नाहीत काही?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. म्हणाली, मग माझीच भीती होती. मी उगाच, मी उगाच, असं चार-पाच वेळा म्हणाली. मग मला वाकून नमस्कार केला. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझा अहवाल वाचून आनंदाने कुणी रडलं नव्हतं.

फक्त रेकॉर्डसाठी, इथेच लिहून ठेवतो. न धरलेल्या नोंदी चार. एका म्हाताऱ्या मास्तरांना कानाच्या ऐवजी डोळ्याचे थेंब (मास्तरांनी स्वतःच परत आणून दिले, म्हणजे बाहेर गेलेला दोष नव्हे). एका मुलीला मोठ्या माणसाचा डोस (तिच्या आईने विचारलं म्हणून सुधारला). एक चिठ्ठी कोरी. एक चिठ्ठी वहिनींच्या नावाने.

चारशेच्या वर चिठ्ठ्यांत चार. किरकोळ.

१९ मार्च, बुधवार

नवीन दोष नाही. शिवणकामवाल्या बाई येऊन गेल्या. पलीकडच्या गल्लीत एका खोलीत मशीन टाकून पडदे आणि शाळेचे गणवेश शिवतात. एकट्या. साखर वाढलीय म्हणून डॉक्टरने नवी गोळी लिहून दिली. माझ्या शर्टाची कॉलर बघून म्हणाल्या, भाऊ, उलटून देते, आणून द्या. मी म्हणालो, दवाखान्यात आपला संबंध फक्त क्वालिटीचा. हसल्या.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी ३

दिवस बरा गेला. डॉक्टर फार खुशीत होता. शाळेत मी मास्तरांच्या खुर्चीची उंची मोजताना पकडला गेलो होतो, तो किस्सा रुग्णांना सांगत होता. एकही तपशील चुकला नाही. कुठल्या हातावर छडी बसली तेसुद्धा आठवत होतं. म्हटलं ना, माणूस खणखणीत आहे!

शिवणकामवाल्या बाई रक्ताचा रिपोर्ट दाखवायला आल्या. साखर अजून वरच. डॉक्टर म्हणाला, आता एक नवी गोळी सुरू करू. आणि लिहिली.

नाव वेगळं. औषध तेच. यादीतली सातवी ओळ.

बाईंनी विचारलंसुद्धा, मागची बंद करायची का? डॉक्टर म्हणाला, मागची कुठली? ही पहिलीच. त्या म्हणाल्या, बरं. डॉक्टरांपुढे कोण बोलतं?

मी वहीत बाईंच्या पानावर उतरवून घेतलं. आठ दिवसांपूर्वीची नोंद त्याच पानावर वर होती. पेन उचललं होतं. खोलीत तिघं बसले होते, सगळे अजून माझ्या किश्शाला हसत होते, आणि डॉक्टर इतक्या दिवसांनी असा खुलला होता. एवढ्या लोकांसमोर त्याला टोकायचं? म्हटलं, नंतर सांगू. दुपारी सांगू.

बाई बाहेर गेल्या. सवयीने चिठ्ठी कंपाउंडरपुढे धरली. त्याने माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मानेने भिंतीवरची सूचना दाखवली. बाई दुकानाकडे गेल्या.

शेऱ्याच्या रकान्यात "ओके" लिहिलं.

दुपारी डॉक्टरला डुलकी लागली होती. उठवावंसं वाटलं नाही. उद्या.

२८ मार्च, शुक्रवार

ही म्हणाली, माझ्या बहिणीकडे जाऊन येऊ. गेलो. दवाखान्याला दांडी. बाई शहाण्या आहेत, दोन्ही पाकिटं वाचून विचारतीलच.

३० मार्च, रविवार. सकाळी ११

कंपाउंडरचा फोन. शिवणकामवाल्या बाई काल सकाळी मशीनवर पडलेल्या सापडल्या. शेजारीण गणवेश न्यायला गेली होती, तिने खिडकीतून बघितलं. किती वेळ तशा होत्या, कुणाला माहीत नाही. साखर एकदम खाली गेलेली. धाकटीच्याच हॉस्पिटलात आहेत. शुद्ध नाही.

या वयात साखर वर-खाली होतेच. जेवण चुकवलं असेल. शिवणकामवाल्या बायका कामाच्या नादात जेवण चुकवतात. हे सर्वांना माहीत आहे.

मी दोनदा हात धुतले. का, ते आठवत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

मूळ कारणाचा शोध घेतला. एकच औषध अनेक नावांनी विकणाऱ्या कंपन्या. आरोग्य खात्याला चार पानी पत्र लिहायला घेतलं. सोबत माझी बत्तीस ओळींची यादी जोडायची.

सातव्या ओळीपाशी पेन थांबलं. पत्र पूर्ण झालं नाही.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६

धाकटी आली. बसली नाही. वही मागितली. उभ्या उभ्या १९ तारखेवर एक बोट ठेवलं, २७ वर दुसरं. दोन बोटांत वीतभरही अंतर नव्हतं.

"काका, ही दोन्ही नावं तुम्हीच लिहिलीत."

"हो."

"कपाटावरची यादीही तुमचीच."

"हो."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

मी म्हणालो, अक्षर... डॉक्टरांचं अक्षर लागत नाही.

तिने वही माझ्याकडे वळवली. अक्षर माझं होतं. शाळेत त्याला बक्षीस मिळालेलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, की तुम्ही "एकदाही नाही" म्हणालात त्या दिवशी मी बाबांची तपासणी रद्द केली. वेळ घेतलेली होती, मेंदूच्या डॉक्टरांची. तुमच्या शब्दावर रद्द केली.

५ एप्रिल, शनिवार

बाई शुद्धीवर आल्या. बोलतात. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. पुढे सुधारेल, नाहीतर नाही, असं धाकटी फोनवर हिला म्हणाली. माझ्याशी बोलली नाही.

७ एप्रिल, सोमवार

दवाखाना बंद. धाकटीने झालं ते सगळं स्वतःहून मेडिकल कौन्सिलला कळवलं. मला हे कळल्यावर मी हिला म्हणालो, कशाला कळवायचं, घरातल्या घरात मिटलं असतं. ही भाजी निवडत होती. हातातलं टाकून माझ्याकडे बघत राहिली. मी दुसऱ्या खोलीत गेलो.

१० एप्रिल, गुरुवार

कंपाउंडर घरी आला. पहिल्यांदाच. हिने चहा केला. कप हातात धरून बसला, प्यायला नाही.

म्हणाला, दोन वर्षं झाली साहेब, रोज तीन-चार चुका काढायचो. कधी पाच. वाटलं होतं, डॉक्टर आपणहून थांबतील तोवर रेटू.

मग म्हणाला, "त्या दिवशी मी हात मागे घ्यायला नको होते. तुमच्यावरचा राग होता. बाईंचा काय दोष? चिठ्ठी बघितली असती तर एका सेकंदात कळलं असतं मला."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला सांगायचं होतं, की मला तो एक सेकंदसुद्धा लागला नव्हता. वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं ते असं: "नियम म्हटला की नियम. तुमची चूक नाही."

माफ केल्यासारखं.

तो गेल्यावर ही म्हणाली, "एवढंसुद्धा बोलवलं नाही तुम्हाला? तो बिचारा तुमचं ओझं घेऊन गेला."

१७ एप्रिल, गुरुवार. सकाळी १०

आज जाऊन सगळं सांगायचंच. मुद्दे लिहून घेतले आहेत. पाच मुद्दे. नमस्कार, विचारपूस, कबुली, माफी, मदतीची तयारी.

दुपारी १

गेलो. बाई खाटेवर बसल्या होत्या. मशीनवर चादर टाकलेली. डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून उघडत होत्या आणि मिटत होत्या.

नमस्कार केला. विचारपूस केली. मग मी म्हणालो, खाटेची उंची तुम्हाला जास्त आहे, दोन इंच कमी करून घ्या.

त्या हो म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात ना? टेबलाशी?"

"होतो."

"मग तुम्हाला तरी..." आणि थांबल्या. वाक्य त्यांनीच सोडून दिलं. पाणी हवंय का, विचारलं. त्या अवस्थेत उठायला लागल्या. मी नको नको म्हणत बाहेर पडलो.

पाचपैकी दोन मुद्दे झाले.

१८ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा गेलो. दारातच उभा राहून सांगितलं. मला दिसलं होतं, कळलं होतं, मी बोललो नाही. कागद नेला नव्हता.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आता सांगून माझा हात येणार आहे का?" आवाज चढवून नाही, खरंच विचारल्यासारखं. मी नाही म्हणालो. म्हणाल्या, "मग जा भाऊ."

तिथून कंपाउंडरकडे गेलो. त्यालाही सांगितलं. तो दार लावून आत गेला.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

४ मे, रविवार. संध्याकाळी ६.३०

महिनाभर डॉक्टरकडे गेलो नव्हतो. कारणं रोज नवी होती. आज हिने माझी चप्पल दाराबाहेर नेऊन ठेवली आणि म्हणाली, जा.

तो गॅलरीत बसला होता. दाढी नीट केलेली, शर्ट इस्त्रीचा. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "ये मोजपट्टी." धाकटीने चहाचे दोन कप आणून ठेवले आणि आत गेली. हल्ली मला काका म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. तपासणी झालीय. विसरण्याचा आजार आहे, पुढे वाढत जाईल, थांबणार नाही, असं तिने हिला सांगितलंय.

आज तो स्वच्छ होता. बाईंबद्दल विचारलं. नावाने विचारलं, हात कसा आहे विचारलं. त्यांचा महिन्याचा खर्च तोच देतो. वर म्हणाला, हाताचे पैसे नसतात रे.

मी म्हणालो, चूक माझी होती. तू विसरलास, मी विसरलो नव्हतो.

तो खाली रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला तिथे कुणी बसवलं माहीत आहे?"

म्हटलं, तुझ्या मुलीने.

"तिला मी सांगितलं होतं. मला कळत होतं, काहीतरी निसटतंय. किती, ते कळत नव्हतं. तिला म्हटलं, मोजपट्टीला बसव. बाकी सगळे मला सांभाळून घेतील. कंपाउंडर घेईल, पोरी, तू घेशील, रुग्णसुद्धा घेतील. तो एकटा घेणार नाही. तो बापालासुद्धा नापास करील."

मी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"वाट बघत होतो मी," तो म्हणाला. "दर शनिवारी. तू लिहिशील, मग मी थांबीन. शनिवार यायचा, ही म्हणायची, बाबा, काका म्हणतात सगळं ठीक आहे. मलाही बरं वाटायचं."

तो माझ्यावर रागावलेला नव्हता. माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता. माझा चहा संपला होता, त्याचाही. खाली कुणीतरी सायकल शिकत होतं.

मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "चहा घेणार ना तू?"

दोन्ही रिकामे कप समोर होते.

हो म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. धाकटी आतून ऐकत असावी, भांड्यांचा आवाज थांबला होता.

म्हणालो, "आत्ताच घेतला आपण."

त्याने कपांकडे बघितलं. एक उचलला, आतला गाळ बघितला, हळूच खाली ठेवला.

"लिहून ठेव," म्हणाला.

म्हणून लिहितोय. ५ वाजून ४० मिनिटं. चहा घेतल्याचं विसरला.